जेडचं झाड, पाऊण लिटर पाणी

डोळा लागता लागता वैजयंतीला एवढंच कळतं, की आपण पलंगावर नाही, गॅलरीतल्या गार फरशीवर पडलो आहोत. दुपारचे अडीच वाजलेत. सोलापूरचं ऊन चिकाच्या पडद्याच्या फटींतून आत येऊन तिच्या पायांवर पट्टे ओढतंय. उशाशी वर्तमानपत्र पसरलेलं आहे, त्यावर मातीची पिशवी, कात्री आणि तीन रिकाम्या कुंड्या. एक चकचकीत निळी, चिनी मातीची. एक सिमेंटची, भलीमोठी. एक साधी, विटकरी. कुठली घ्यावी हे ठरेना, म्हणून ती जरा पाठ टेकायला आडवी झाली होती.

कुंड्यांपलीकडे जुन्या डब्यात आईचं जेडचं झाड आहे. आईची अशी जाड, गुबगुबीत पानांची अकरा झाडं होती. आईला जाऊन तीन महिने झाले, आणि तेवढ्यात दहा झाडं गेली.

वैजयंतीनं हयगय केली नव्हती. उलट पाणी घालण्यात एक दिवस चुकवला नाही. तेराव्यापर्यंत भेटायला येणारा प्रत्येक जण ‘तिच्या हातची झाडं’ म्हणून गॅलरीत जायचा आणि तांब्याभर ओतून यायचा. पुढे तिनं एकटीनं ते व्रतासारखं चालवलं. या झाडांना पाणी बेतानं द्यावं, हे तिनं एक सोडून तीन पुस्तकांत वाचलं होतं. पण ‘बेतानं’ म्हटलं की तिचा हात आपोआप तांब्याकडे जायचा. आईची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून डॉक्टरांनी तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी नेमून दिलं होतं, चहासकट, गोळ्यांसकट. ती बाटली वैजयंतीच्या ताब्यात असायची. शेवटच्या संध्याकाळी आईनं एक घोट मागितला. बाटली संपली होती. वैजयंती नाही म्हणाली. पहाटे आई गेली.

हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही. अप्पांनाही नाही.

आता जेडची पानं पिवळी पडलीत आणि बुंधा दाबला तर बोट आत जातं. हेही गेलं तर...

“हेही गेलं तर काय?” आई विचारते.

आई पाटावर बसली आहे. पदर कमरेला खोचलेला. पायांना सूज नाही. वैजयंती आधी तेच बघते, घोट्यांची हाडं कशी स्पष्ट दिसतायत.

“तू कधी आलीस?”

“तू घोरत होतीस तेव्हा. सरक तिकडे. पेपरवर गाल ठेवून झोपलीस, उठशील तेव्हा तोंडावर बातम्या छापलेल्या असतील.” मग ती निळी कुंडी उचलते, आत डोकावते, उलटी करून बघते. “ही कुणी आणली?”

“मी. छान आहे ना?”

“छानच आहे. पण बुडाला भोक कुठंय? हिच्यात लोणचं घाल.”

“मग ती सिमेंटची घेऊ?”

“तुला पाचवीत मी सातवीच्या मापाचा फ्रॉक शिवला होता. आठवतो? वर्षभर त्यात हरवल्यासारखी फिरलीस. तसं माझ्या झाडाला करू नकोस बाई. कुंडी मोठी की माती जास्त, माती जास्त की ओल जास्त. एवढीशी मुळं, ती शोषून शोषून किती शोषतील?”

आई उठते आणि त्या दोघी कुंभाराच्या दुकानात आहेत. कुंड्यांच्या उतरंडी छतापर्यंत गेल्यात. आई एकेका कुंडीवर बोटाचं पेर आपटून आवाज ऐकते. नको, नको, ही चिरलीय. दुकान लांबत जातं. उतरंडींच्या रांगा संपतात तिथून खाटांच्या रांगा सुरू होतात. खाटांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर एकेक झाड. हा डायलिसिसचा वॉर्ड आहे, पण यंत्रं बंद आहेत आणि उन्हात न्हालेल्या खोलीला भिजल्या मातीचा वास येतोय. आई स्वयंपाकघरात वावरावं तशी वावरते. ती नेहमी झोपायची त्या तिसऱ्या खाटेवर जेड आहे.

“धर. पानांना नको, बुंध्याला धर.”

वैजयंती धरते. आई डबा उलटा करून थापटते. माती पडत नाही, लगदा पडतो. मुळं काळी, आंबूस वासाची.

“कात्री.” आई कापत जाते. “ही गेली. ही पण गेली. ही... थांब. ही बघ पांढरी.”

शेवटी तीन मुळं उरतात.

“तीनच?”

“पुष्कळ झाली. तुझ्या अप्पांचा संसार मी दोन भांड्यांवर मांडला होता, त्यातलं एक गळकं.” आई कात्री पदराला पुसते. “आता चार दिवस हे मातीशिवाय सुकू दे. जखमा कोरड्या झाल्या की त्या विटकरी कुंडीत लाव, अर्धी माती, अर्धा विटांचा चुरा. आणि लावल्यावर आठ दिवस पाण्याचा थेंब नाही.”

“आठ दिवस? आई, मागेल ग ते.”

“मागू दे.”

वैजयंतीच्या हातातलं झाड एकदम जड होतं.

“तू मागितलं होतंस,” ती म्हणते.

“मागितलं. आणि तू दिलं नाहीस, तेव्हा तुला वैरीण म्हणाले.”

“हो.”

“तहानेनं जीव चालला होता. तोंडाला येईल ते बोलले.”

वॉर्डाच्या भिंतीला आता त्यांच्या घरातली मोरी आहे. तिथला नळ दोऱ्याएवढ्या धारेनं वाहतोय. आई तिकडे हनुवटीनं खूण करते.

“तू इथं येऊन पाणी प्यायचीस. आठ महिन्यांत माझ्यासमोर एक घोट घेतला नाहीस. नळसुद्धा असा बारीक सोडायचीस, मला कळू नये म्हणून.”

“मला वाटायचं, तू झोपलीयेस.”

“घसा कोरडा असला की आधी नळ ऐकू येतो. मी पडल्या पडल्या म्हणायचे, पी ग, पोटभर पी.”

वैजयंतीनं तीन महिने मनात माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता हाताशी येत नाही. त्यांची गरजच उरली नाही असं तिला वाटतं, आणि त्या जागी भलतंच काही वर येतं. आईचे केस रोज विंचरायला मिळाले ते. बाटलीवर पेनानं आखलेल्या रेघांवरून दोघी भांडायच्या ते. आई त्या रेघांना ‘सरकारी रेशन’ म्हणायची ते.

“आई, ती बाटली तू मला का दिलीस सांभाळायला? अप्पा होते की.”

“अप्पा!” आई हसते. “त्यांनी पहिल्याच दिवशी घागर आणून ठेवली असती उशाशी. मग आठवडा तरी निघाला असता का? तू होतीस म्हणून आठ महिने मिळाले. याला पहिल्यांदा फुलं आली ती बघून गेले मी.” ती वैजयंतीच्या हातातल्या झाडाला बोट लावते, मग वैजयंतीच्या गालाला. बोटाला ओली माती आहे. “ऊठ आता. ऊन सरकलं.”

“वैजू, चार वाजले. उठतेस ना?”

हा आवाज अप्पांचा आहे. ते गॅलरीच्या दारात उभे आहेत, दुपारच्या झोपेनं केस विस्कटलेले. वैजयंती उठून बसते. वर्तमानपत्रावर मातीचा लगदा आहे, शेजारी काळ्या मुळांचा बारीक ढीग. रिकामा डबा आडवा पडलाय. आणि सावलीत, स्टुलावर, पिठाची चाळण ठेवलेली आहे. चाळणीत जेडचं झाड कुशीवर निजवलंय, तीन पांढऱ्या मुळांसकट.

चाळण स्वयंपाकघरातून आणल्याचं तिला आठवत नाही.

“तुम्ही काढलीत ही?” ती विचारते.

“मी आत्ता उठतोय.” अप्पा चष्मा लावून वाकतात. बराच वेळ बघतात. “मुळं कापली की तुझी आई झाड असंच ठेवायची, चाळणीत. खालूनही वारा लागतो म्हणायची. तू तेव्हा पुण्याला नोकरीत. तुला कुणी दाखवलं?”

“आईनं.”

“कधी?”

“आत्ता.”

अप्पा तिच्याकडे बघतात, मग चाळणीकडे. खुर्ची ओढून घेतात आणि स्टुलापाशी बसतात.

“राहू दे मग तशीच,” ते म्हणतात. “चार दिवस चपात्यांचं पीठ न चाळताच मळ.”