अक्कांची फुली

ऑपरेशनच्या खोलीबाहेर पोट दुखणाऱ्या एका मुलीवरून दोन डॉक्टर कडाकडा भांडत होते आणि अक्का बेसिनपाशी नुसतेच हात धूत ऐकत होत्या. मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागून त्यांना जेमतेम महिना झाला होता.

"सोनोग्राफीत अंडाशयाला रक्तपुरवठा नीट दिसतोय ना? मग अपेंडिक्सच असेल. उद्या बघू!"

"अंडाशयाला दिसतोय हो! शेजारच्या गर्भनळीलाच पीळ पडला असेल तर?"

उद्या बघितलं. नळी काळी ठिक्कर, कापूनच टाकावी लागली. पोर बारा वर्षांची.

तेव्हापासून पोट दुखणारी मुलगी आली की अक्का म्हणायच्या, "एका बोटाने दाखव गं बाळा," आणि तिथे पेनाने फुली मारायच्या. अपेंडिक्सचं दुखणं बहुतेक वेळा बेंबीपाशी सुरू होऊन खाली सरकतं. नळीचं मात्र पहिल्यापासून खालीच ठाण मांडून बसतं. तासाभराने पुन्हा विचारायचं. फुली जागची हलली नाही, की डॉक्टरांचं डोकं खायचं.

पुढे वॉर्डात एक नवी नर्स आली. फुली मारायला अक्कांकडूनच शिकली. ते पाहून सर्जनबाई म्हणाल्या, "डोकं आहे हो तुला!" नवी लाजली, पण अक्कांचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही. अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एका दुपारी दोन वेण्यांची अकरा वर्षांची मुलगी आली, गुडघे पोटाशी घेऊन, ओकाऱ्या काढत. नवीने तासातासाने तीन फुल्या मारल्या, तिन्ही एकावर एक, आणि सर्जनबाईंना बोलावणं धाडून जेवायला गेली. अक्का मुलीचं अंग पुसायला बसल्या. स्पिरिटचा बोळा घेतला आणि फुल्याही पुसून टाकल्या. "कसल्या या रेघोट्या!"

सर्जनबाई आल्या. सोनोग्राफीत अंडाशय ठीक, पोटावर खूण नाही. "दुखणं सरकतंय की नाही, कळायला मार्ग नाही. उद्या बघू."

उद्या! अक्कांच्या कानात ते जुनं भांडण घुमलं. गप्प राहिलं तर नवीची जिरणार होती, आणि पोरीची नळी जाणार होती.

"बाई, फुल्या होत्या. तिन्ही एकाच जागी. मी पुसल्या."

"का?"

"जळत होते त्या नवीवर. मला नंतर झापा, आधी पोरीच्या पोटात दुर्बीण घाला!"

दुर्बीण घातली. नळीला तीन वेढे, रंग जांभळा. सर्जनबाईंनी पीळ सोडवला आणि वाट पाहिली. हळूहळू नळी गुलाबी झाली. काहीच कापावं लागलं नाही.

शाबासकी गेली नवीला. मुलीच्या आईने हातही तिचेच धरले. अक्कांच्या वाट्याला बोलणी आली, तीही कागदावर.

"अक्का, मी तुमचं नाव सांगायला हवं होतं," नवी म्हणाली.

"हवं होतंच," म्हणून अक्कांनी तोंड फिरवलं, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

शेवटच्या दिवशीही त्या नेहमीसारख्या स्टोअरमध्ये पेनं आणायला गेल्या. एकेका पेनाने मनगटावर फुली मारून पाहिली, दोन सुकलेली तिथल्या तिथे परत केली, आणि बाकीची नवीच्या टेबलावर आणून ठेवली.

"टोपणं लावत जा," म्हणाल्या.