इलेव्हनचं कूळ

यात्रेकरूंच्या सात पिढ्या वहीत लिहून ठेवणारे उपाध्ये नाशकात गल्लोगल्ली. पण इंग्रजी आकड्याचं कूळ शोधणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. कचेरीतली भाषांतरकाराची नोकरी संपल्यावर त्यांनी जाडजूड इंग्रजी कोश घेतला. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या साली एका सकाळी त्यात त्यांना 'इलेव्हन'चा मूळ अर्थ सापडला, आणि त्या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत. "अरे, दहा मोजून 'एक उरला' म्हणून इलेव्हन! 'दोन उरले' म्हणून ट्वेल्व्ह!" ओल्या धोतरानिशीच ते मला सांगायला आले. "आपल्या एकादशात एक आणि दहा कसे नीट मांडलेत! साहेबाची बोटं संपली आणि त्यानं हात टेकले. आणि तो आपल्यावर राज्य करतो?" मग दूधवाला, टांगेवाला, रामकुंडावर तर्पणाला आलेले परगावचे लोक, कोणी म्हणून सुटला नाही. आत्या म्हणायची, "कोणी वारलं तरी माणूस एवढं मनाला लावून घेत नाही."

त्यांच्या एकुलत्या मुलीला, कुसुमला, पाहायला घोटीची मंडळी आली तेव्हा आत्यानं बजावलं होतं, "आज आकडा काढायचा नाही." पण मुलगा बी.ए. आहे हे कानावर पडलं आणि आतोबांचा निग्रह सुटला.

"इलेव्हन म्हणजे काय हो?"

"अकरा," मुलगा म्हणाला.

"ते कोणीही सांगेल. अकराच का?"

मुलगा लालबुंद झाला. त्याचे वडील पोह्यांची बशी ठेवून उठले. "आम्ही सोयरीक करायला आलोय, परीक्षा द्यायला नाही!" आत्यानं डोळ्यांना पदर लावला, आधीची दोन स्थळं अशीच गेली होती.

तोच खाली मान घालून बसलेली कुसुम म्हणाली, "दहा मोजून एक उरतो, म्हणून."

दाखवायला बसवलेली मुलगी आपण होऊन बोलते! मुलानं मान वर केली.

"मग थर्टीनला तीन का उरत नाहीत?" त्यानं तिलाच विचारलं.

"बारानंतर त्यांना बेरीज जमायला लागली."

मुलगा खो खो हसला आणि त्यानं वडिलांना हात धरून खाली बसवलं.

लग्न ठरलं. सगळ्यांत जास्त हादरले होते ते आतोबा. "ही ऐकत होती रे," ते मला पुन्हापुन्हा म्हणत. "मला वाटायचं, घरात कोणीच ऐकत नाही."

वैशाखात कुसुम घोटीला गेली. त्यानंतर कधीही जावं तर कोश उघडा असायचा, आणि आतोबा गप्प. एकदा निघता निघता मीच विचारलं, "हंड्रेडचं काय हो, आतोबा?"

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "सांगतो. पण तुला घाई नाही ना?"

घाई होती. मी पायातल्या वहाणा काढल्या आणि पुन्हा बसलो.