आबांच्या तळहातावर कोण लिहून गेलं

ओवी, निहार,

असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. शाळेत फिजिक्स शिकवत होते तेव्हा पोरं भुतांच्या गप्पा मारू लागली की मी त्यांना सरळ फळ्याशी उभं करायची. पण आबा हल्ली प्रत्येकाचा हात आधी चाचपून का बघतात, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत... म्हणून लिहिते आहे.

आबांची नजर काचबिंदूने गेली, मग ऐकूही येईनासं झालं. कानाच्या मशीनचाही उपयोग उरला नाही. तेव्हापासून घरचा नियम आहे — त्यांना अचानक धरायचं नाही. आधी हाताच्या पाठीवर आपली खूण करायची, मग तळहातावर बोटाने एकेक अक्षर लिहायचं. त्यांनी मान हलवली की पुढचं. माझी खूण म्हणजे दोन हलक्या टिचक्या. उत्तर ते तोंडाने देतात, आणि टोमणेही. "मास्तरीण, हळू लिही वं. परीक्षा घेऊन राहिली का माझी?"

मे महिन्यातली दुपार होती. मनीषनगरच्या घरात आम्ही दोघंच. आबा खाली पलंगावर पडले होते. मी मुगवड्या उचलायला गच्चीवर गेले आणि कुलरच्या पाण्याच्या पाइपात पाय अडकून पडले. उठताच येईना. तळहात फरशीवर भाजत होते, फोन खाली राहिला होता. आजूबाजूला सगळे कुलर सुरू, खिडक्या बंद. हाका मारल्या — पण घरात जे होते त्यांना ऐकू कुठे येतं? या उन्हात आपण किती वेळ टिकू, एवढाच विचार डोक्यात होता.

आणि जिन्यावर पावलं वाजली. आबा भिंत चाचपत वर येत होते. नजर गेल्यापासून ते गच्चीवर एकटे कधी आले नव्हते. हातात भिजवलेला पंचा, त्यातून पाणी गळत होतं. मी त्यांचा पाय धरला, तसे ते खाली बसले. पंचा माझ्या डोक्यावर टाकला आणि कठड्याशी जाऊन शेजारच्या मंगलाताईंना हाका मारत राहिले, त्या धावत येईपर्यंत.

धंतोलीच्या दवाखान्यात मी त्यांच्या हातावर लिहिलं — कोणी सांगितलं?

ते वैतागले. "काहून वं, तूच त आली होतीस. दोन टिचक्या मारल्या, गच्ची असं लिहिलं. हात केवढा तापला होता तुझा... म्हणून त पंचा भिजवला."

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, पडल्याचा धक्का स्लॅबमधून पलंगापर्यंत गेला असेल. असेलही. पण धक्का अक्षरं लिहीत नाही. मंगलाताई म्हणतात देवाचीच करणी. तेही मला पटत नाही. मी खाली आलेच नव्हते, हे आबांच्या हातावर लिहून सांगितलं, तेव्हापासून ते प्रत्येकाचा हात आधी चाचपून बघतात.

सुट्टीत याल तेव्हा आपापली खूण ठरवून या. आबा आधी तुमचा हात नीट चाचपतील, मग बोलतील. घाबरू नका, हात काढून घेऊ नका.

परवा मी त्यांच्या समोरच खुर्चीत बसले होते, माझे दोन्ही हात माझ्याच मांडीवर. त्यांनी तळहात पुढे केला. थांबत थांबत मान हलवली आणि म्हणाले, "बरं. समजलं."

मी त्यांना काय सांगितलं, हे विचारायला माझा हात अजून पुढे होत नाही.

— आजी