बरणीतली चाबूक-विंचवीण

प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढली, की कपाटातल्या बरण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमचे निम्मे किस्से एका चाबूक-विंचवाचे आणि उरलेले लॅब अटेंडंट शिंदेमामांचे. मामा हिंजवडीचे. गावाचं आयटी पार्क झालं, मामांची बोली तशीच राहिली.

*

विंचू सापडला बिबवेवाडीत, एका काकूंच्या कुंडीखाली. "अहो मॅडम, विंचवानं माझ्यावर व्हिनेगर उडवलं!"

मी म्हटलं, "काकू, त्याला विष नाही, नांगी नाही. शेपटीच्या जागी नुसता चाबूक. घाबरला की व्हिनेगरच्या वासाचा फवारा तेवढा उडवतो."

"मग घेऊन जा. व्हिनेगर आहे माझ्याकडे."

*

वर्गात एका मुलीनं त्याचे टेकणारे पाय मोजले. "मॅम, सहा! म्हणजे इन्सेक्ट!"

पुढचे दोन पाय तो चाचपायला वापरतो. एकूण आठ. नावात विंचू असला तरी नातं कोळ्याशी जास्त जवळचं, हे मी समजावलं.

मामा मागून म्हणाले, "आमच्या वहिनीवानी! आडनाव हिकडचं, जीव माहेरात!"

*

पुढे तो 'ती' निघाली. एका सकाळी पोटाखाली अंड्यांची पिशवी! तिनं खाणं सोडलं. मामा रोज कॅन्टीनमधून झुरळं पकडून आणायचे. "कॅन्टीनवाला खूश हाय, हीच खाईना!"

मी सांगितलं, पिल्लं अंड्यांतून निघून आईच्या पाठीवर बसतात, ती उतरेपर्यंत आई खात नाही. नंतर बहुतेक जगतही नाही.

मामा म्हणाले, "आमची आय बी आमी जेवल्याबिगर जेवायची न्हाय. पर जगली ओ." झुरळं आणणं त्यांनी काही थांबवलं नाही.

*

पांढरीशुभ्र पिल्लं पाठीवर चढली. विभागप्रमुख सर तिचा डबा हलवून बघायला गेले, तर मामा आडवे!

"सर, बाळंतीण हाय!"

बाळंतिणीला आवाज नको म्हणून सरांनी त्या दिवसापासून लॅबमध्ये फोनही घेतला नाही.

*

पिल्लं कात टाकून उतरली आणि चार दिवसांनी त्यांची आई गेली. शेवटचं झुरळ डब्यात तसंच फिरत होतं. आमच्याकडे मेलेला प्राणी स्पिरिटच्या बरणीत जातो, एका बरणीत एकच नमुना. मला धीर होईना. मामांकडे बरणी देऊन मी तासाला गेले.

परत आले, तर बरणीत ती होती आणि तिच्याभोवती पिल्लांच्या सगळ्या काती, चिमट्यानं एकेक उचलून घातलेल्या.

"मामा, असं दुसरं काही घालत नाहीत बरणीत."

"येकटी कशी ठिवायची, मॅडम?"

मी झाकण घट्ट लावलं.