परशरामअण्णांचं फुकटातलं ऑफिस

सीमाभागातल्या येळ्ळूरच्या परशरामअण्णांना चुलतभाऊ नागेंद्रचं काही चांगलं झालेलं बघवत नसे. त्याच्या दारात नवी गाडी आली, की दुखायचं यांच्या पोटात. नागेंद्रने घरच्या कॉम्प्युटरवर अर्ज टाईप करायला, हिशेब मांडायला दरवर्षी पैसे भरायचं ऑफिस सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा तर अण्णा दुसऱ्याच दिवशी खडेबाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर!

"घरच्या कामाला ह्ये फुकटातलं बास झालं की," म्हणत दुकानदाराने पेनड्राइव्हवर घालून दिलं. अण्णांनी नाक मुरडलं. पण घरी येऊन बघतात तर मराठी अर्ज, कन्नड अर्ज, भाताचा हिशेब, सगळं बिनतक्रार होत होतं.

नागेंद्र बघायला आला. "लई झकास हाय की, अण्णा! कितीला पडलं?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

नागेंद्रचं तोंड उतरलं. त्या दिवशी अण्णांना साधी आमटीसुद्धा गोड लागली.

वाढता वाढता त्यांची बायको शालूबाई म्हणाली, "फुकट हाय म्हणून सांगा की वो त्याला. उगंच दरसाल पैसं भरत बसंल बिचारं."

"सांगतो की," अण्णांनी भुरका मारला. "पुढल्या सालचं भरून येऊ दे आधी."