लेकीच्या घरचा करंट

गोविंदरावांना बसलेलं पाहायचं तर गाडीतच पाहावं, एरवी या माणसाने सगळा जन्म उभ्याने काढला. ते माझे साडू. त्यांची चंपा आणि माझी जयश्री सख्ख्या बहिणी. कोणाकडे गेले की यांचा एक पाय ओटीवर, एक पायरीवर. घरची बाई चहा ठेवते म्हणेपर्यंत हे फाटकाबाहेर. "गेलो आणि आलो" हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत लोक मठ्ठ्याची वाट बघत असायचे तेव्हा यांचे हात धुऊन झालेले. नरपडला समुद्राजवळ त्यांची चिकूची वाडी आहे. वाडीत कामं असतात हे मला मान्य, पण चिकू काही पळून जात नाहीत.

आणि अशा माणसाच्या पदरी गाडी पडली ती कशी, तर पाच-पाच तास एका जागी बांधून ठेवावी लागणारी.

गाडी मुळात प्रितेशची, त्यांच्या मुलाची. तो बोरिवलीला असतो. दोन हजार चौदात त्याने हौसेने बॅटरीवरची गाडी घेतली आणि सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग काही लावू दिला नाही. बिल कोण भरणार, आग लागली तर कोणाच्या गळ्यात, उद्या सगळेच मागतील, अशा मीटिंगा वर्षभर चालल्या. त्याने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून पाहिली, तीही कोणीतरी काढून टाकली. शेवटी वैतागून त्याने गाडी ट्रकवर चढवली आणि बापाकडे पाठवून दिली.

डहाणूत ती बघायला ही गर्दी झाली. आमच्याकडे थर्मलची चिमणी लांबूनही दिसते, वीज इथेच बनते; पण स्वतःचं घर सोडलं तर या गाडीला करंट मिळेल असं एक ठिकाण नव्हतं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत इंजिनच दिसेना. त्याने गाडीला हात जोडले आणि बॉनेट परत लावून टाकलं. काही बिघडलं की मुंबईहून माणूस यायचा, आणि तो येईपर्यंत गोविंदराव गाडीभोवती येरझाऱ्या घालत राहायचे.

तरी त्यांनी ती विकली नाही, याला कारण चंपा. तिला गाडी लागायची. डिझेल-पेट्रोलचा वास आला की पोटात ढवळायचं. रिक्षातसुद्धा ती लिंबू नाकाशी धरून बसायची. या गाडीत वास नाही, घरघर नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा प्रवासात डोळे उघडे ठेवून बाहेर पाहिलं असेल. दोघं बोर्डीच्या किनाऱ्याला जायची, कैनाडला जायची, चैत्रात महालक्ष्मीला जायची. "हे माझ्या शेजारी एवढा वेळ बसतात ते गाडीत आहेत म्हणून," असं ती जयश्रीला म्हणाली होती. महिन्यातून एकदा, आधी मोटरसायकलवरून आणि मग या गाडीतून, ते तिला सकाळी घोलवडला आमच्या दारात सोडायचे, बसल्याबसल्याच हात करायचे आणि गेले. संध्याकाळी न्यायला यायचे तेही हॉर्न वाजवून. मी असायचो कचेरीत. नंतर हे सगळं जयश्री सांगायची आणि मी हसायचो.

बॅटरी जुनी होत गेली तशी गाडीची दोरी आखूड झाली. एकदा वाडीवरच्या लाहूच्या घरी लग्न होतं म्हणून सायवनला गेले. परतीपुरतं चार्जिंग उरलं नाही. लाहूच्या घरात प्लग होता, पण अर्थिंग नव्हतं. गाडीने लाल दिवा लावला आणि रुसलेल्या जावयासारखी करंटला तोंड लावेना. ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली. तेव्हापासून कुठेही गेले की यांची नजर आधी भिंतीवरच्या बोर्डावर, मग माणसांवर. पायाला भिंगरी असलेला माणूस, पण त्याच्या गळ्यात आता दावं होतं. त्याने तो आणखीच बेचैन झाला.

आणि उधवा या दाव्याच्या बाहेर होता. जायला गाडी पुरायची, परत यायला नाही. उधवा म्हणजे तलासरीच्या पुढे, गुजरातच्या वेशीला लागलेलं गाव. तिथे त्यांची मुलगी दिशा दिलेली. जावई विनोद, खत-बियाण्याचं दुकान, सज्जन माणूस. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दिशाला मूल नव्हतं.

आमच्यात जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता ती कोणी पाळत नाही. गोविंदराव पाळायचे. मला विचाराल तर ती रीत त्यांच्या सोयीची होती. चहा नाही, पाणी नाही, मग बसायचं कशाला? मोटरसायकल होती तेव्हा दोन-तीनदा गेले, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन. लेकीच्या ओटीवर उभे राहून घोटभर प्यायले आणि निघाले. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, मोटरसायकल सुटली. मग काय, "गाडी पोहोचत नाही" हे आयतं कारण मिळालं.

दोन हजार सोळाच्या दिवाळीआधी चंपा गेली. सकाळी छातीत कळ आली आणि डहाणूच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत खेळ आटोपला. समाचाराला माणसं येऊन ओटीवर बसायची आणि हे वाडीत मोटर बघायला. दिशा आईच्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती, तिच्याजवळही दोन मिनिटं टेकले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आपलं माणूस गेल्यावर तरी बुड टेकावं की नाही?

वर्ष होत आलं तेव्हा दिशाचा फोन मला आला. "मावसा, बाबांना सांगा. आईच्या वर्षश्राद्धाला मी यावं असं वाटत असेल तर बोलवायला त्यांनी माझ्या घरी यायचं. फोन नको. नाही आले तर मी आईचं पान इथेच वाढीन."

मी नरपडला जाऊन सांगितलं. गोविंदरावांनी वाडीला एक फेरी मारली, परत आले आणि म्हणाले, "गाडी पोहोचत नाही."

"पोहोचते. तिच्याकडे प्लगला लावा, चार्ज होईल, मग या."

"लेकीच्या घरचं घ्यायचं नसतं."

"अहो, करंट म्हणजे काय वरणभात आहे?"

"घेतलं ते घेतलंच, साडूभाऊ."

मी घरी निघून आलो. पण मुलगी श्राद्धाला आली नाही तर चंपाला काय तोंड दाखवायचं, हेही त्यांना खात होतं. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला. "चला. मी सोय केलीय."

सकाळी निघालो. एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली. गोविंदराव पुढे वाकून असे बसले होते की वाटावं, गाडी त्यांच्या श्वासावर चाललीय. दर चढाला ते आधी काट्याकडे बघायचे आणि मग माझ्या पोटाकडे. हायवेला ट्रकांचा धुरळा खाल्ला, तलासरी मागे टाकली. उधव्यात शिरल्यावर दिशाच्या घराकडे वळायच्या आधीच त्यांनी गाडी एका वेल्डिंगच्या दुकानासमोर घातली. नविन नावाच्या माणसाचं दुकान. वाडीचं लोखंडी फाटक यानेच करून दिलं होतं. तिथे भक्कम लाइन होती, अर्थिंग होतं. यांची सोय म्हणजे ही.

"इथे भरून घेऊ," केबल लावता लावता ते म्हणाले. "मग तिच्याकडे दहा मिनिटं, बोलवणं केलं की सरळ घरी."

"दहा मिनिटांसाठी इथे पाच तास? तिचं घर त्या वळणाच्या पलीकडे आहे!"

त्यांनी प्लग आणखी घट्ट दाबला. नविनने स्टूल पुढे केलं. "बेसो ने काका." काका कसले बसतात! अर्धवट फाटकांच्या आणि पाइपांच्या मधून इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी त्या स्टुलावर बसून मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. येणारे-जाणारे थांबत होते, काचेतून आत डोकावत होते. एका बाईने विचारलं, "ही दिशाबेनच्या बाबांची गाडी ना? आवाज नाय करत ती?" मी ओळखलं, आता काही खरं नाही. गावातल्या बातमीला चार्जिंग लागत नाही.

तासाभरात दिशा आली. चालत, भराभर, हाताला पीठ तसंच. तिने आधी मला वाकून नमस्कार केला. गोविंदराव पुढे झाले. "दिशा, मी येतच होतो. एवढं झालं की..."

ती सरळ भिंतीकडे गेली. भिंतीतला प्लग तिने बंद करून उपसला. केबलचं दुसरं टोक गाडीतून काढलं. कपड्यांची दोरी गुंडाळावी तशी ती सगळी केबल कोपर आणि पंजाभोवती गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि आल्या वाटेने निघाली.

"अगं, ती एकच आहे!" गोविंदराव ओरडले.

"माहितीय मला," वळणावरून उत्तर आलं.

मला हसू आवरेना. नविनने वेल्डिंगचा चष्मा लावून तोंड फिरवलं. गोविंदराव आधी लाल झाले आणि मग त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मी विचारलं, "गाडीत किती उरलंय?"

"घरी जाण्यापुरतं नाही."

"आणि तिच्या घरी जाण्यापुरतं?"

ते गाडीत बसले.

दिशाच्या ओटीच्या भिंतीवर, गाडीला सोयीच्या उंचीवर, एक जाडजूड बोर्ड होता. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधली होती. पिशवी उन्हाने पिवळी पडलेली. दिशाने सुतळी सोडली, केबल लावली, आणि गाडीचा दिवा लगेच हिरवा झाला.

"अर्थिंग आहे?" सवयीने गोविंदरावांच्या तोंडून गेलं.

"आहे. खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून केलंय. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? कोणी सांगितलं होतं?"

"आईने. गाडी नरपडला आली त्याच महिन्यात. म्हणाली, बोर्ड लावून घे, म्हणजे तुझ्या बाबांना सबब उरणार नाही. तिथे उभी राहून उंचीसुद्धा तिनेच दाखवली. तुम्ही यायचं म्हणाल तेव्हा सांगायचं ठरलं होतं, तुम्ही म्हणालातच नाही."

"तिथे?" गोविंदराव भिंतीकडे बघत राहिले. "चंपा इथे कधी आली?"

"दर महिन्याला. लग्न झाल्यापासून. मावशीकडे जाते म्हणून निघायची."

आता चकित व्हायची पाळी माझी. मावशीकडे म्हणजे आमच्याकडे! जयश्रीने इतकी वर्षं मला ताकास तूर लागू दिली नव्हती. आमच्या दारात सोडलं की हे दोन मिनिटंही थांबणार नाहीत हे चंपाला पक्कं ठाऊक होतं. गाडी वळली की ती एसटी पकडत असणार. या माणसाच्या घाईवरच तिचा सगळा संसार चालला होता म्हणायचा.

"पण आली कशी?" गोविंदराव म्हणाले. "तिला तर गाडी लागते."

"लागायचीच. तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप. लिंबू नाकाशी धरून यायची. उतरली की त्या पायरीवर डोकं धरून बसायची बराच वेळ. बरं वाटलं की आत येऊन माझ्या हातचं जेवायची. मी म्हणायची, आई, रीत आहे ना? तर म्हणायची, मूल व्हायचं तेव्हा होईल, माझी लेक तर आहे ना."

"लिंबं मीच तोडून द्यायचो," गोविंदराव म्हणाले. "मला वाटायचं, बहिणीला सरबताला नेते."

दिशाचा आवाज इतका वेळ बरा होता, आता तो फाटला. "तुम्ही बाटली घेऊन यायचात ना बाबा, तुम्ही गेल्यावर मी आत जाऊन रडायची. तुम्ही पाणी नको म्हणता तेव्हा मला एकच ऐकू येतं. अजून झालं नाही, अजून झालं नाही. बाकी सगळे बोलतातच. तुम्ही तरी नको ना."

माझ्या मनातला वर्षभराचा राग कुठे गेला कोण जाणे. त्यांच्याकडे बघवेना. हातात गाडीची किल्ली धरून ते ओटीच्या मधोमध उभे होते, आणि कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं.

"कुठल्या पायरीवर म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

दिशाने दाखवली. गोविंदराव गुडघ्यावर हात टेकत सावकाश त्या पायरीवर बसले. किल्ली बाजूला ठेवली. मग मान वर न करता म्हणाले, "पाणी दे गं."

तिने तांब्या-भांडं आणलं. त्यांनी एका दमात भांडं रिकामं केलं आणि पुन्हा पुढे केलं. हनुवटीवरून ओघळलं त्यात पाणी किती आणि दुसरं किती, मी बघितलं नाही.

"श्राद्धाचं बोलवायला आलोय," ते म्हणाले.

"आधी जेवा. मग बोलवा."

तेवढ्यात लाइट गेली. आतला पंखा घरघरत थांबला, गाडीवरचा हिरवा दिवा विझला. दिशाने दचकून बापाकडे पाहिलं. मीही चपला पायाने ओढून घेतल्या. आता हे उठणार, नविनकडे धावणार, वायरमनला फोन लावणार, गाडीभोवती फेऱ्या घालणार.

गोविंदरावांनी त्या विझल्या दिव्याकडे पाहिलं आणि पायरीवर थोडं सरकून जागा केली.

"येईल तेव्हा येईल," ते म्हणाले. "तू बस."