एक फोन छतावर, एक मशीनरूममध्ये

दूध वर येत होतं, सासूबाईंचा चष्मा सापडत नव्हता, ह्यांचा एक मोजा फरार होता, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात लिफ्टवाले दादा.

"ताई, लिफ्ट बंद ठेवतोय. आणि तुमचं दार जरा उघडंच राहू द्या."

"का हो?"

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. "वर पैलवान आहे. माझ्याशी बोलत नाही. तुम्ही ऐकताय म्हटल्यावर निदान लाजेकाजेस्तव तोंड उघडेल."

मी आधी गॅस बंद केला.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर मशीनरूम. त्यामुळे ही जोडी आमच्या ओळखीची. पैलवान म्हणजे अंगाने काडी; बारसं कुणा थट्टेखोराने केलं असावं. लिफ्ट जुनी आहे. दुरुस्तीच्या वेळी वीज बंद करून पैलवान वरून हाताने चाक फिरवतो आणि दादा खाली लिफ्टच्या छतावर उभे असतात. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून त्यांचा एक नियम आहे. दादांनी "खाली" म्हणायचं, पैलवानाने तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच चाक हलवायचं. हाकेला ओ नाही तर काम नाही.

दादांना मोबाइलचे गेम बनवायचं वेड. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून शिकले, रविवार त्यातच जातो. त्यांची बायको म्हणते, "माझी सवत पडद्यात राहते." मोठ्या हौसेने त्यांनी ह्याच कामावर एक गेम रचला: दोन खेळणारे, दोन फोन, एक छतावरचा, एक मशीनरूममधला. मशीनरूमचा आवाज पैलवानाचा. तो आमच्याच जिन्यात रेकॉर्ड झाला. मी तेवढा वेळ मिक्सर लावला नव्हता. पैलवान घसा खाकरून "थांबलो!" असं म्हणाला होता, की खालचे काका दार उघडून विचारायला आले, कोण थांबलंय म्हणून.

मग प्रश्न आला, गेम आयफोनसाठी बनवायचा की अँड्रॉइडसाठी. दादा शिकले त्या पद्धतीने एकासाठी लिहिलेलं दुसऱ्यावर चालत नाही, आणि नोकरी सांभाळून दोन्ही लिहिणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. दादांनी खूप घोळ घातला. अँड्रॉइड फोन शंभर तऱ्हेचे. एकावर बटण नीट दिसतं, दुसऱ्यावर पडद्याबाहेर जातं. आयफोन मोजके. त्यातच मेव्हण्याने आयफोनचे गेम बनतात तसला आपला जुना कॉम्प्युटर दिला. दादांनी आयफोन धरला.

पैलवानाचा फोन अँड्रॉइड, काच तडकलेला. त्याच्या मुली रोज विचारायच्या, बाबांचा आवाज कधी ऐकायचा. त्याने दादांना विचारलं तर दादा सहज म्हणाले, "मेव्हण्याकडे ये की, त्याच्या फोनवर दाखवतो." तेव्हापासून अबोला.

मी दार उघडं ठेवून मोजा शोधू लागले. खालून दादांचा आवाज आला, "खाली!"

वरून काही नाही.

"अरे, खाली!"

मी मोजा बघायला पलंगाखाली वाकले आणि एकदम चाकाची करकर सुरू झाली. त्या पाठोपाठ खालून एक ओरडा आला, तो शब्द नव्हता. मी बाहेर धावले. करकर थांबली होती.

"दादा!" मी लिफ्टच्या जाळीला तोंड लावून हाक मारली.

"हात आहे," खालून आलं. "आहे अजून."

दादा जिन्याने वर आले ते भिंतीला धरून. उजव्या हातमोज्याचं एक बोट फाटून लोंबत होतं. ओ आली नाही, म्हणजे ऐकू गेलं नसेल, असं समजून ते, लिफ्ट ज्या लोखंडी पट्टीवरून सरकते तिच्यात अडकलेलं फडकं काढत होते. पैलवानही खाली उतरला, पांढराफटक.

"ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं." बऱ्याच दिवसांनी बोलला. "मान हलवली मी."

"मान? मशीनरूममधली तुझी मान मला छतावरून दिसते होय रे?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पैलवान जिन्याच्या पायरीवर बसला. "माझा आवाज तुला गेममध्ये हवा, आणि माझ्या घरात तो वाजला नाही तरी चालतंय. म्हटलं, मग इथे तरी कशाला वाया घालवू." मग खाली बघत म्हणाला, "चूक झाली. हात गेला असता तुझा."

मी दोघांच्या हातात पाणी दिलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील, नाहीतर ऑफिसला फोन करून दुसरा जोडीदार मागतील. त्यांनी लोंबणारं बोट ओढून तोडलं आणि खिशात घातलं.

"मेव्हण्याचा कॉम्प्युटर परत देतो," ते म्हणाले. "अँड्रॉइडसाठी बरंचसं पुन्हा लिहावं लागेल. सहा महिने जातील, जाऊ देत. पण शंभर फोनांची काळजी मी करत बसणार नाही. एका फोनवर नीट चालला म्हणजे झालं."

"कुठल्या?"

"रविवारपुरता तुझा फोन मला दे."